चार नंबरची सुरई

मी, हेस्टर जून प्रोबर्ट, वय सेहेचाळीस, राहणार सात, चॅपल लेन, ब्रॉमयार्ड, परगणा हेरफर्डशायर, नोकरी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत, आज शनिवार दिनांक ५ ऑक्टोबर २०२४ रोजी दुपारी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहायला घेत आहे. माझे चित्त ठिकाणावर आहे. (ते ठिकाणावर नसते तर मला कळले असते का, या प्रश्नावर सकाळचा अर्धा तास गेला. उत्तर मिळाले नाही, म्हणून विधान तसेच ठेवते.) माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या की शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणी धडधाकट घरी जातात. तेव्हापासून मी उरलेल्या दोघींचा विचार करत आहे.

याआधी लग्नाच्या वेळी मी एक मृत्युपत्र केले होते. ते या लेखाने रद्द समजावे. लग्न आधीच रद्द झालेले आहे.

कलम एक. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी धाकटी बहीण लिनेट हिने करावी. ती व्यवस्थित आहे, आणि कागदाला भोके पाडून फाइलला लावण्यात तिला खरा आनंद मिळतो. काल फोनवर ती म्हणाली, "हेस्टर, तू काही मरत नाहीयेस. पण घराचे कागद कुठे ठेवलेत?" दोन्ही वाक्ये एका श्वासात आली. मला राग आला नाही. मीही हेच विचारले असते. कागद जिन्याखालच्या कपाटात, बिस्किटांच्या निळ्या डब्यात आहेत.

कलम दोन. राहते घर लिनेटला द्यावे. ते विकायचे झाल्यास स्वयंपाकघराच्या छतावरच्या तपकिरी डागाबद्दल घेणाऱ्याला खरे सांगावे. तो पाण्याच्या गळतीचा नाही. २०११ साली उकळता हंडा उतू गेला आणि उसळून वरपर्यंत पोचला. तीनदा रंग दिला, तीनदा डाग वर आला.

कलम तीन. बँकेतली शिल्लक लिनेटची मुलगी ब्रायोनी हिच्या शिक्षणासाठी. तिने काय शिकावे याबद्दल माझी अट नाही. मत आहे, पण ते मी कोणाला विचारल्याशिवाय सांगत नाही, आणि अजून कोणी विचारलेले नाही.

कलम चार. माझे माजी पती गॅरेथ वॉटकिन्स यांना निळ्या झाकणाचे मोठे प्लास्टिकचे पिंप द्यावे. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी त्यांनी त्यात रंगाचे ब्रश भिजत घातले. "नुसतं पिंप तर आहे!" असे ते तेव्हा म्हणाले होते. त्यानंतर त्या पिंपात बीअर करता आली नाही, आणि मला वाटते लग्नाचेही तिथूनच बिनसले. हे लिहिताना माझ्या मनात द्वेष आहे का, हे मी तपासून पाहिले. आहे, पण पिंपाएवढाच.

कलम पाच. बीअर करण्याचे बाकीचे सामान, म्हणजे हंडा, नळ्या, दोन पिंपे, बाटल्या आणि बुचे बसवायचे यंत्र, हे टेम खोरे बीअर मंडळाला द्यावे. त्यातला थर्मामीटर मात्र मंडळाचे अध्यक्ष डेस्मंड बफ्टन यांना वेगळा द्यावा. त्यांचा दोन अंश कमी दाखवतो. बारा वर्षे मी हे सांगत आहे आणि बारा वर्षे ते म्हणत आहेत, "माझा बरोबर आहे, पाणीच चुकतं."

कलम सहा. माझ्या बिटरची, म्हणजे कडवट बीअरची, कृती ज्याला हवी त्याला द्यावी, लपवू नये. तेवीस लिटरसाठी: मोड आणून वाळवलेला फिका जव चार किलो, भाजून लालसर झालेला जव पाव किलो, काळी काकवी एक मोठा चमचा. भरडलेला जव सहासष्ट अंशाच्या पाण्यात दीड तास झाकून ठेवावा. गाळलेले पाणी तासभर उकळावे. सुरुवातीलाच हॉपची वाळलेली फुले पन्नास ग्रॅम कडवटपणासाठी, आणि शेवटच्या पाच मिनिटांत वीस ग्रॅम वासासाठी. पाण्यात जिप्सम एक लहान चमचा. तो विसरलात तर कडवटपणा जिभेवर येतो पण तिथे उभा राहत नाही. एकोणीस अंशापर्यंत निवल्यावर यीस्ट घालावे. पिताना तळघराइतकी गार असावी, बर्फाइतकी नव्हे.

ही कृती माझी स्वतःची, असे मी सतरा वर्षे सांगत आले. आज एकेक ओळ तपासून पाहिली. जवाचे प्रमाण माझे. काकवी माझी कल्पना नव्हे. २००७ मध्ये घरातली साखर संपली होती. फुले कोणती घ्यावी हे आमच्या गल्लीतल्या मिस्टर यॅप यांनी शिकवले. आणि यीस्ट तर संपूर्ण त्यांचेच. तेव्हा 'स्वतःची' हा शब्द जरा सैल धरावा.

कलम सात. हे कलम यीस्टबद्दल आहे. खरे म्हणजे मृत्युपत्र लिहायला मी याच कलमासाठी बसले. आधीची सहा लिहून हात मोकळा होतो का पाहत होते.

फ्रिजच्या खालच्या फळीवर, दुधाच्या जुन्या बाटलीत, तळाशी मळकट पांढरा थर आहे. झाकण सैल आहे, ते घट्ट करू नये, बाटली फुटेल. हे माझ्या बिटरचे विरजण. दर वेळी बीअर आंबत असताना तिसऱ्या दिवशी वर साय येते, ती उकळलेल्या चमच्याने काढून पुढच्या खेपेला वापरायची. असे वीस वर्षे चालले आहे. पहिली वाटी दोन नंबरच्या घरातल्या क्लेमंट यॅप यांनी दिली. ते शेतांची कुंपणे विणण्याचे काम करत, आता निवृत्त आहेत. मी चोवीस वर्षांची असताना या गल्लीत राहायला आले तेव्हा त्यांनी मला आधी कुंपणापलीकडून नमस्कार केला आणि पुढे बीअर करायला शिकवली. इतकी वर्षे झाली तरी मी त्यांना मिस्टर यॅपच म्हणते. ते मला पोरी म्हणतात.

हे यीस्ट मी मिस्टर यॅप यांना परत देत आहे. त्यांच्याकडे आता ते नाही. का नाही, ते सांगणे भाग आहे.

मंडळ दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी चॅपलच्या सभागृहात भरते. रीत अशी की प्रत्येकाने आपल्या बाटल्या आणायच्या आणि डेस्मंडने पडद्यामागे त्या नंबर लावलेल्या काचेच्या सुरयांत ओतायच्या. ज्याचा नंबर त्याच्या कानात सांगायचा. मग सगळ्यांनी चाखून बिनसहीच्या चिठ्ठीवर दोष लिहायचे. गुण लिहायचे नाहीत. गुण ऐकून कोणी सुधारत नाही, असे मंडळ काढणाऱ्यांचे म्हणणे होते. आपल्या स्वतःच्या सुरईतला घोट घ्यायचा नाही, नाहीतर चेहरा सांगून जातो. शेवटी डेस्मंड चिठ्ठ्या मोठ्याने वाचतो, आणि मग ज्याची त्याने उभे राहून नंबर कबूल करायचा.

सुरया धुण्याची पाळी आळीपाळीने येते. ९ मार्च २०२२ रोजी माझी होती. बाकीच्या सात सुरया स्वच्छ होत्या, त्या नुसत्या गरम पाण्यातून काढल्या. चार नंबरच्या गळ्याशी मागच्या महिन्याचा फेस वाळला होता, म्हणून ती भांडी निर्जंतुक करायच्या पुडीच्या पाण्यात बुडवली आणि तशीच उपडी घातली. मंडळाच्या डब्यात जी पुडी असते तिने धुतल्यावर पुन्हा खळबळावे लागत नाही. पण तो डबा फेब्रुवारीत संपला होता, आणि मीच घरून आणून त्यात दुसरी पुडी भरली होती. ती क्लोरीनची. तिने धुतलेले भांडे गरम पाण्याने तीनदा खळबळले नाही, तर क्लोरीन आणि जव यांचा मिळून दवाखान्यासारखा वास सुटतो. डब्याला चिठ्ठी लावायची राहिली होती, आणि महिन्याभरात माझ्या डोक्यातून गेले.

नळाच्या पाण्यात किती क्लोरीन उरले आहे हे तपासण्याची नोकरी मी एकोणीस वर्षे करत आहे.

त्या संध्याकाळी चार नंबरची फेरी झाली आणि सगळ्यांची तोंडे वाकडी झाली. चिठ्ठ्या वाचताना डेस्मंडला आवाज काढायची सवय आहे. "चार नंबर! 'जखम धुवायला उत्तम.' पुढची. 'प्यायलो आणि माझी दाढदुखी थांबली.' पुढची..." कोणीतरी ओरडले, "डेस्मंड, गुडघ्याला चोळ, उद्या पळत सुटशील!" सगळे हसले. मीही हसले. मग त्याने शेवटची वाचली: "'दवाखान्याचा वास. ज्याने ही केली त्याला भांडी घासायचा कंटाळा आहे.'"

तेव्हा मिस्टर यॅप उठून उभे राहिले. "चार माझी," ते म्हणाले.

त्यांची बायको मेव्हिस आदल्या शरदात गेली होती. ती गेल्यानंतर त्यांनी केलेली ही पहिली बीअर. डेस्मंड गोरामोरा झाला. "क्लेम, अरे, तसं नाही... घरात आता बाईमाणूस नाही, म्हणजे आपलं..."

"मेव्हिस असतानाही भांडी मीच घासायचो," असे म्हणून ते खाली बसले.

परत येताना आम्ही गल्लीपर्यंत बरोबर होतो. ते म्हणाले, "पोरी, खरं सांग. तुला वास आला?"

"आला, मिस्टर यॅप."

"मला घरी आला नाही. एकदाही नाही."

'आला' म्हणाले ते मी तेव्हा खरेच बोलले. वास आलाच होता. तो कुठून आला हे मला शुक्रवारी कळले, प्रयोगशाळेत एका नमुन्याची बाटली नाकाशी धरली तेव्हा.

मार्चमध्ये ठरवले की एप्रिलच्या सभेत उभे राहून सांगायचे. एप्रिलच्या सभेला ते आलेच नाहीत. मे महिन्यात माझी हिंमत झाली नाही. जूनच्या अखेरीस त्यांच्या अंगणात गेले तर ते बीअरच्या हंड्यात बटाटे धूत होते.

"विरजण ओतून टाकलं खताच्या ढिगावर," ते म्हणाले. "नाक गेलं, पोरी. सात जणांना जो वास येतो तो मला येत नाही. जिभेचं एक वेळ सांभाळून घेतलं असतं. पण नाक गेलं की माणसानं आपल्या हातचं दुसऱ्याला पाजू नये."

त्या क्षणी सांगायला हवे होते. मी म्हणाले, "यंदा बटाटे चांगले दिसतायत." हे वाक्य माझ्या डायरीत आहे, आणि त्याखाली दोनदा रेघ आहे.

म्हणून या कलमाने असे जाहीर करते की मिस्टर यॅप यांच्या बीअरमध्ये दोष नव्हता, त्यांच्या नाकातही नाही. दोष मी धुतलेल्या सुरईत होता. यीस्ट त्यांना द्यावे. ते २४ सप्टेंबरला काढलेले आहे. सहा आठवड्यांनंतर त्याचा जोर कमी होत जातो, म्हणून लिनेटने कोर्टाच्या कागदांची वाट पाहू नये. मी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बाटली दोन नंबरला पोचवावी.

(तासाभराने.) चहा करताना लक्षात आले की मृत्युपत्र मेल्याशिवाय लागू होत नाही. मी त्या अठ्ठ्याण्णव जणींत निघाले तर हा कागद परत निळ्या डब्यात जाईल. तीन महिने मला हंडा उचलता येणार नाही, यीस्ट मरेल, आणि मिस्टर यॅप बटाटे धूत राहतील. म्हणजे मी अशी सोय करून ठेवली आहे की मेले तरच खरे बोलेन. आणि याहून वाईट, ही सोय मनात ठरवल्यावर काल रात्री मला चांगली झोप लागली.

कलम आठ. रविवार, ६ ऑक्टोबर. माझ्या डायऱ्या, एकूण बावीस, लिनेटला. जाळाव्यात असे आधी लिहिले होते, मग खोडले. २०२२ सालची वाचली तरी चालेल. ती वाचून तिचे माझ्याबद्दलचे मत बदलेल. बदलू दे.

त्याच डायरीवरून कलम सातला एक पुरवणी जोडते. काल सगळे सांगितले असे मला वाटले होते. आज ९ मार्चचे पान काढून वाचले आणि दिसले की सुरईचे सांगितले, पण चिठ्ठीचे नाही. भांडी घासायच्या कंटाळ्याची ती चिठ्ठी मी लिहिली होती. सुरई धुण्यातली हयगय माझी, आणि तिचा ठपका दुसऱ्यावर ठेवणारा कागदही माझाच. चार नंबर कोणाचा हे मला माहीत नव्हते. पण माहीत नव्हते म्हणून काय झाले? कोणाचा तरी होताच. काल मी हे विसरले की गाळले, याचा निकाल मला लावता येत नाही.

कलम नऊ. अंत्यविधीनंतर लोकांना शेरी वाइन देऊ नये. मागच्या खोलीत पिंपात बिटर आहे, ती वीस तारखेच्या सुमारास पिण्याजोगी होईल. त्याआधी वेळ आली तर चहा द्यावा.

कलम दहा. सोमवार, ७ ऑक्टोबर, सकाळी दहा. सहीच्या वेळी दोन साक्षीदार एकाच वेळी समोर असावे लागतात. शेजारच्या डोरीन पग आणि त्यांचे यजमान आयव्हर यांना मी सांगून ठेवले होते. प्रत्यक्षात जे झाले ते इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. ते लिहिताना दोन्ही साक्षीदार टेबलाशी बसलेले आहेत.

डोरीन दारातूनच म्हणाल्या, "आयव्हर लेडबरीला अडकलाय, गाडी बंद पडली. पण काळजी करू नकोस! क्लेम माझं कुंपण छाटत होता, त्याला धरून आणलंय. नुसती सहीच करायचीय ना? त्याला कुठे भाषण ठोकायचंय?"

त्यांच्या मागे मिस्टर यॅप उंबऱ्यात बूट काढत होते. "हिच्या फरशीवर चिखल केला तर माझ्या नावावर फडकं ठेवून जाईल," ते म्हणाले.

मी म्हणाले, "मिस्टर यॅप, तुम्हाला सही करता येणार नाही."

"का? अंगठा उठवू?"

"ज्याला काही ठेवलंय त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं. झाला तर त्याला ठेवलेलं रद्द होतं. तसा कायदाच आहे."

"अगंबाई!" डोरीन खुर्ची ओढून बसल्या. "म्हणजे क्लेमला ठेवलंयस काहीतरी. आणि मला?"

"तुम्हाला काही नाही. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

"बरं आहे की नाही बघा! वीस वर्षं हिची मांजरं सांभाळली."

मिस्टर यॅप यांनी विचारले, "काय ठेवलंस?"

"यीस्ट."

"मला?" ते हसले. "आंधळ्याला आरसा काय करायचाय, पोरी?"

कलम सातचा कागद माझ्या हातात होता. तो त्यांच्याकडे सरकवावा आणि खिडकीबाहेर पाहत राहावे, असे वाटले. छातीत धडधडत होते. ते झडपेमुळे की कशामुळे, मला ओळखता आले नाही. पण कागद दिला असता तर ते पुन्हा मेल्यावर सांगितल्यासारखेच झाले असते. मी तो उपडा ठेवला.

"तुमचं नाक गेलेलं नाही," मी म्हणाले. "त्या दिवशी सुरया धुवायची पाळी माझी होती. चार नंबर मी क्लोरीनच्या पुडीत बुडवली आणि खळबळली नाही. वास सुरईला होता. तुमच्या बीअरला नव्हता."

त्यांनी विचारले, "कितीदा खळबळावी लागते ती?"

"तीनदा."

"गरम पाण्यानं."

"हो."

"आणि तू पाणी तपासतेस."

"हो."

"मी चहा टाकते," डोरीन म्हणाल्या, आणि उठल्या नाहीत.

"कधी कळलं तुला?"

"दोन दिवसांनी."

"दोन दिवसांनी," ते म्हणाले. "गेल्या वर्षी मी हेरफर्डला नाकाच्या डॉक्टरकडे गेलो होतो. त्यानं नळी घातली, बघितलं, म्हणाला नाक ठणठणीत आहे. मी म्हटलं, म्हाताऱ्याचं मन राखतोय बिचारा. त्याला वर थँक्यू म्हणून आलो." मग म्हणाले, "सुरई धुताना चूक होते एखाद्याची. पण डेस्मंडला मी सोडणार नाही. भांडी घासायचा कंटाळा म्हणे! ती चिठ्ठी त्याचीच. वाचताना त्याचा चेहरा बघितला मी. त्या दिवसापासून त्याच्याशी बोललेलो नाही. रस्त्यात टोपी काढतो, मी मान फिरवतो."

हे मला माहीत नव्हते. मला वाटत होते ते सभेलाच फक्त येत नाहीत.

डेस्मंड बफ्टनबद्दल माझे काय मत आहे ते कलम पाचमध्ये आलेच आहे. गप्प बसणे फार सोपे होते. सुरईचे बोलून झाले होते, डोरीन आता खरोखरच किटलीकडे वळल्या होत्या, आणि मिस्टर यॅप यांना रागवायला एक माणूस मिळालेला होता, तो मी नव्हते.

"ती चिठ्ठी माझी," मी म्हणाले.

"कोणती?"

"भांडी घासायच्या कंटाळ्याची. डेस्मंडनं नुसती वाचली. लिहिली मी."

डोरीन हातात किटली घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मिस्टर यॅप उठले, दाराशी गेले, बूट घालायला लागले. एक बूट घातला. मग तसेच एका पायात बूट घालून परत आले आणि खुर्चीत बसले.

"दोन वर्षं सात महिने," ते म्हणाले. "हे सगळं तू यात लिहिलंयस? म्हणजे तू गेल्यावर लिनेट येऊन मला वाचून दाखवणार होती? आणि मी भांडायचं कोणाशी? लिनेटशी?"

"हो. म्हणजे, नाही. मी तेवढा विचार केला नव्हता."

"तू? विचार केला नव्हता?" डोरीन म्हणाल्या. "हे मात्र लिहून ठेव."

मिस्टर यॅप यांनी पेन उचलले. "कुठं करायची सही?"

"तुम्ही सही केलीत तर यीस्ट तुम्हाला..."

"मिळणार नाही. ऐकू येतं मला. मेलेल्या बाईकडून मला काही नकोय. द्यायचं असेल तर आत्ता दे, हातात."

मी फ्रिज उघडून बाटली दिली. त्यांनी झाकण काढले आणि नाकाशी धरली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहू शकले नाही, म्हणून बुटाकडे पाहिले.

"केळ्याची साल," ते म्हणाले. "भिजलेला पाव. आणि मागं थोडं आंबट."

"आंबट नाहीये. मी रोज बघते."

"आहे. वास घे."

मी घेतला. दुसऱ्या खेपेला मला तो आंबटपणा जाणवला, अगदी पुसट.

"या आठवड्यातच कामाला लावायला हवं," ते म्हणाले. "नाहीतर बिघडेल. हंडा घासावा लागेल आधी. माती बसलीय तळाला."

मी विचारले, "तुम्ही मला माफ केलंत का?"

"अगं, आता हेही विचारतेस!" डोरीन ओरडल्या.

"नाही केलं," मिस्टर यॅप म्हणाले. "तू दोन वर्षं सात महिने घेतलेस. मला निदान थोडा वेळ दे. हंडा कधी उचलता येईल तुला?"

"जानेवारीत."

"मग जानेवारीत ये माझ्याकडे. तेव्हा बघू."

"आणि डेस्मंडला मी पत्र लिहून..."

"तुझा चिठ्ठ्यांचा शौक पुरे झाला. परवा बुधवार आहे, सभा आहे. मी जातो आणि सांगतो त्याला. तू तेव्हा खाटेवर पडून राहा, नळ्या काढून घेऊ नकोस."

हे सर्व मी लिहीत असताना ते समोर बसून म्हणत आहेत, "अजून लिहितेयस?" आणि डोरीन म्हणत आहेत, "लिहू दे तिला, नाहीतर मंगळवारी भूल उतरल्यावर परत सुरू करेल." चहा झाला आहे. बाटली टेबलावर मिस्टर यॅप यांच्या हाताशी आहे. झाकण सैल आहे का, हे मी दोनदा पाहिले.

कलम अकरा. वरील कलम सातमधले यीस्ट मिस्टर यॅप यांना देण्याबाबतचे वाक्य, आणि बाटली दोन नंबरला पोचवण्याची सूचना, या दोन्हींवर मी स्वतः रेघ मारली आहे. समासात आम्हा तिघांची आद्याक्षरे आहेत. कलमाचा बाकीचा मजकूर तसाच ठेवला आहे, कारण तो खरा आहे. बाकीची सर्व कलमे कायम.

या मृत्युपत्राची पाने एकूण सहा असून प्रत्येकाखाली माझी सही आहे. शेवटच्या पानावरची सही वाकडी आली आहे. दुसरे पान घेऊन पुन्हा लिहावे का, असा विचार मनात आला होता, पण मिस्टर यॅप नको म्हणाले.

ठिकाण: ब्रॉमयार्ड
दिनांक: ७ ऑक्टोबर २०२४, सोमवार
सही: हेस्टर जून प्रोबर्ट

वरील बाईंनी आम्हा दोघांच्या देखत सही केली आणि आम्ही त्यांच्या व एकमेकांच्या देखत सह्या केल्या.

साक्षीदार पहिली: डोरीन पग, राहणार आठ, चॅपल लेन. (सही)

साक्षीदार दुसरा: क्लेमंट आर्थर यॅप, राहणार दोन, चॅपल लेन. या मृत्युपत्रातून मला काहीही मिळायचे नाही, हे नीट समजून, राजीखुशीने सही केली. (सही)